मोड

अकरा वर्षं सावियू पोदेराची सायकल
माझ्या दारासमोरून मुकी गेली.
क्रुसापर्यंत भोंगा वाजायचा, पों पों,
मग आमच्या कुंपणाची लांबी तेवढा त्याचा हात खाली,
आणि शिरगावकरांच्या फाटकाशी पुन्हा सुरू.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
पणजीच्या डॉक्टरीणबाईंनी गहू बंद, जव बंद म्हटलं
ते फेरीबोटीतून माझ्याआधी दिवाडीला पोचलं असणार.
या बेटावर माणसाचं आतडंसुद्धा खाजगी नाही.

पाव सुटला. भाकरी होती, पोळे होते, निभलं.
बियर सुटली, ते दुःख मात्र
मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं.
लग्नाच्या मांडवात सगळ्यांच्या हाती फेस
आणि मी लिंबूसोडा धरून उभा,
जणू कुणाचातरी ड्रायव्हर.

मग सावियूचे गुडघे गेले. भट्टी विझली.
वेर्ण्याच्या औषध कंपनीत सिरपं तपासणारी
त्याची एर्मेलिंद नोकरी सोडून घरी आली,
एक दिवस आमच्या ओट्यावर बसून म्हणाली,
काका, तुम्हांला चालेल अशी करून बघते.

नाचणी तिनं रात्रभर भिजवली, फडक्यात बांधली,
दिवसातून तीनदा पाण्याचा हबका.
बायको बघायला गेली आणि हसत सुटली:
अगं, हे तर बाळाचं सत्त्व!
आमच्या शर्वाणीला सहाव्या महिन्यात हेच भरवलं.
हेच, एर्मेलिंद म्हणाली,
बाळ तेवढं थोरलं आहे.

मोड वाळवायला भट्टी होतीच की घरची.
ती आत वाकली, विटांच्या फटीत बोट फिरवलं,
बोट पांढरं झालं.
आजोबाच्या वेळचं पीठ.
भट्टी तशीच लावून टाकली
आणि नाचणी गच्चीवर उन्हात, काठी घेऊन स्वतः राखणीला.
माझ्यासाठी नवं पातेलं, नवा डाव, नवं फडकं,
कुणी शिवायचं नाही.
जन्मभर सोवळ्याची टवाळी केली मी,
शेवटी पोदेराच्या लेकीनं मला सोवळ्यात बसवलं.

तांदूळ खाजनातलं कोरगुट,
मानस फुटून खारं पाणी आत आलं
त्या साली एकटंच उभं राहिलेलं.
त्याला रटरटा उकळी हवी, मोडांना ती सोसत नाही.
म्हणून दोघांना वेगळं ठेवून
पासष्ट अंशांवर भेटवायचं,
आणि मध्ये बोलायचं नाही.

पहिली खेप तिनं किराईत घालून कडू केली.
घोट घेतला आणि मी सात वर्षांचा,
तापात, नाक धरून.
दुसरीच्या तीन बाटल्या रात्री फुटल्या,
शिरगावकरांचा कुत्रा पहाटेपर्यंत भुंकत होता.
तिसरी आंबली. ती आंबील म्हणून जिरं घालून प्यालो.
चौथीबद्दल ती काही बोललीच नाही.

आणि परवा, दिवेलागणीच्या जरा आधी,
दाराशी पों पों.
बायकोच्या हातातला चहा हिंदकळला.
सायकल नव्हती; टोपलीतही पीठ असणारच.
भोंगा तेवढा सोडवून आणलेला, एका हातात,
दुसऱ्या हातात पिशवी,
आणि मागून काठी टेकत सावियू.

विटकरी रंग. फेस आला आणि पाहुण्यासारखा टेकून उठला.
जवाचा टिकतो, हा टिकत नाही, ती अपराधी होऊन म्हणाली.
भिजल्या नाचणीचा वास, मग कडू,
मग जिभेच्या अगदी मागे तिरफळ, उशिरा आलेलं.
चांगली होती का?
अकरा वर्षांनी हा प्रश्न मला विचारू नये.

सावियूनं चाखली, डोळे मिटले, म्हणाला,
ही बियर न्हय.
आणि ग्लास पुढे केला.

किती द्यायचे, मी विचारलं.
परवाना अजून अबकारी खात्याच्या टेबलावर,
पैसे घेता येत नाहीत, ती म्हणाली.
तरी सावियूचा हात
सवयीनं खिशात गेलेला,
मोड शोधत.